गिराण

विजयदुर्ग किल्ल्यात शिरलात की कुणी ना कुणी तुम्हाला साहेबाचे ओटे दाखवतंच. दिसायला त्यांत विशेष काही नाही. दाखवणारा मात्र छाती फुगवून सांगतो, “हंयसूनच सायबान हेलियम शोधून काढल्यान.” तारीखही त्याच्या तोंडावर असते, १८ ऑगस्ट १८६८. दरवर्षी त्या तारखेला इथे हीलियम दिन साजरा होतो, शाळेची पोरं येतात, भाषणं होतात. हसू नका. ओट्यावर टेका, पाण्याची बाटली बाजूला ठेवा आणि तीच तारीख धरून मागे चला.

पाऊस. आधी कानात फक्त पाऊस, मग अंगावर. श्रावणातली अमावास्या, मंगळवारची सकाळ. चतुर्थी चार दिवसांवर आलीय, खाली गावात कुणाच्या तरी पडवीत ओल्या मातीचा गणपती रंगाची वाट बघतोय आणि इरलं पांघरलेला एक माणूस तटाच्या आडोशाला उभा आहे. ऑगस्टातल्या कोकणात आभाळाचं जे असतं तेच आहे: भिजलेल्या घोंगड्यासारखं, खाली लोंबणारं. सूर्य कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा अंदाजानेच ठरवायचं. मग हळूहळू उजेड आटतो. पावसाचा आवाज तसाच राहतो, पण पाऊस दिसेनासा होतो. गावातून आरोळी उठते, “दे दान, सुटे गिराण!” इरलंवाला माणूस हात जोडतो.

तुम्ही किल्ला पालथा घालता. साहेब कुठेच नाही.

असणारही कसा? तो साहेब, म्हणजे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर, या दिवशी इंग्लंडात आहे. हीच सावली पुढे देशावर सरकते तेव्हा जमखंडीला लेफ्टनंट हर्शेल ढगांच्या फटीतून सूर्य गाठायची धडपड करतोय, आणखी पूर्वेला गुंटूरला फ्रेंच जान्सेन आणि मच्छलीपट्टणला पॉगसन दुर्बिणी रोखून बसलेत. लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली हीलियमची पिवळी रेघ पाहिली २० ऑक्टोबरला, लंडनमध्ये, ग्रहण नसताना. पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात द्रव्याची ती रेघ नव्हती, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हीलियम म्हटलं गेलं. ओट्यांची गोष्ट इथेच संपली असती तर मी तुम्हाला भिजायला लावलं नसतं. पण गाव अगदीच खोटं बोलत नाही. आणखी तीस वर्षं पुढे या.

आता कोरडं आहे. २२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या, शनिवार. वाऱ्याला सुक्या गवताचा वास आणि आभाळ धुतल्यासारखं निळं. मेल्पोमिनी नावाची इंग्रज आरमाराची नौका आलीय आणि किल्ल्यात, हो, याच किल्ल्यात, एकसष्ट वर्षांचे सर नॉर्मन लॉकियर उभे आहेत. सोबत मुलगा, सहकारी फाउलर, लोलक बसवलेले मोठे कॅमेरे आणि जहाजावरचे अधिकारी नि खलाशी. प्रत्येकाला नेमून दिलेलं काम: कुणी प्रभामंडळाचं चित्र काढायचं, कुणी वेळ पुकारायची, कुणी काचा पुढे करायच्या. तोफेवर चालावी तशी कवायत चाललेली.

कोपऱ्यात उभे राहा आणि तोंड बंद ठेवा. मुंबईत प्लेग आहे, रँडचा खून होऊन सात महिने झालेत, टिळक राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात आहेत. अनोळखी कपड्यातला, हातात काळी चपटी पाटी घेतलेला माणूस या दिवसांत इंग्रजी छावणीत सापडला तर हीलियमवर चर्चा होणार नाही.

ओटे याच मुक्कामाचे असावेत असा माझा कौल. साहेब आला, इथेच आला, दुर्बिणीही इथेच मांडल्या. फक्त गाव म्हणतं त्याच्या तीस वर्षं नंतर. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅमसेने हीलियम लंडनच्या प्रयोगशाळेत खनिजातून काढूनही दाखवला होता, १८९५ साली. गावाच्या आठवणीने दोन ग्रहणांची एकच वेणी घातली इतकंच. आजीच्या गोष्टीतही दोन दुष्काळ असेच एकत्र होतात.

आता नैर्ऋत्येला समुद्राकडे बघा. सावली तिकडून येणार आहे, आफ्रिकेवरून अरबी समुद्र ओलांडून. भर दुपारचं ऊन आधी पातळ होतं, ताकासारखं. तुमच्या सावलीची कड धारदार होते, बोटांच्या सावल्या चिमट्यासारख्या दिसायला लागतात. मग पाण्यावर एक काळसर पट्टा उठतो आणि तोफेच्या गोळ्यालाही मागे टाकणाऱ्या वेगाने किनारा गाठतो. वेळ पुकारणाऱ्याचा आवाज चढतो. सूर्य विझतो. त्याच्या जागी काळी चकती, भोवती मोत्याच्या रंगाची विस्कटलेली झालर, शेजारी भर दुपारी शुक्र. खलाशी काचा सरकवतायत. गावाच्या बाजूने तीच आरोळी, “दे दान, सुटे गिराण!”

सगळे वर बघत असताना तुम्ही खाली बसा आणि तळवा जांभ्यावर टेकवा. हवा गार पडलीय, पण दगड ऊबदार आहे. सकाळपासून खाल्लेलं ऊन तो हळूहळू परत देतोय. जेमतेम दोन मिनिटांचा अंधार आहे, तेवढा दगडाला निभावतो. बारा तासांची रात्र निभावत नाही, आणि जून ते सप्टेंबर तर अजिबात नाही. घरावर सौर पॅनेल बसवलेल्या कुठल्याही मालवणकराला विचारा, आषाढात त्याचा आकडा काय दाखवतो ते. चंद्राने अडवलेलं ऊन दोन मिनिटांत सुटतं, ढगाने अडवलेलं चार महिने सुटत नाही. मग ढगाच्या वर, चंद्राच्या वाटेला फारसं न येता, रात्र जवळजवळ होतच नाही अशा जागी बसून ऊन गोळा केलं तर?

हा प्रश्न कागदावर गणितासकट यायला या ओट्यांच्या गोष्टीतल्या सालापासून बरोबर शंभर वर्षं लागली.

ते ऐकायला किल्ल्यावरून मालवणकडे चला. २२ नोव्हेंबर १९६८. सिंधुदुर्ग जिल्हा अजून जन्मायचाय, हा सगळा मुलूख रत्नागिरीत मोडतो. भातं झोडून झालीत, जत्रांचे दिवस सुरू आहेत आणि तुम्ही एका देवळासमोर खाली बसून दशावताराची वाट बघताय. बाकावर रंग लावून बसलेला संकासुर विडी ओढतोय. एक पोऱ्या गॅसबत्ती घेऊन येतो, खाली ठेवतो, पंप मारतो. दहा, पंधरा, वीस दणके. मेंटल आधी निळसर फुरफुरतं, मग एकदम पांढरं पेटतं आणि समोरच्या दोनशे चेहऱ्यांना नाक-डोळे येतात. त्या मेंटलच्या जाळीत थोरियम असतं, आणि थोरियम झिजताना अखंड हीलियमची अणुकेंद्रं बाहेर फेकत असतं. म्हणजे लॉकियरची पिवळी रेघवाली चीज या क्षणी मालवणात, संकासुराच्या पुढ्यात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना तयार होतेय. ही गंमत मला फार आवडते, म्हणून सांगून टाकली.

त्याच तारखेच्या ‘सायन्स’ साप्ताहिकात अमेरिकेतल्या पीटर ग्लेझर या अभियंत्याचा लेख छापून आलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून खालून बघणाऱ्याला तो एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो. तिथे दर चौरस मीटरवर १,३६० वॅटच्या आसपास ऊन पडतं, ढग नाही, धूळ नाही. त्या उन्हाची वीज करायची, विजेच्या सूक्ष्मलहरी करायच्या आणि त्यांचा झोत खाली सोडायचा. खाली अँटेनांचं जाळं पसरून त्या लहरींची पुन्हा वीज करायची. ग्लेझरला पुढे १९७३ साली याचं पेटंटही मिळालं.

सूक्ष्मलहरीच का, तर त्या ढगातून पार होतात. रडारवाल्यांना आणि हल्ली वायफाय नि स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हला परिचित असलेली २.४५ गिगाहर्ट्‌झची लहर पावसाला फारशी जुमानत नाही. १८६८ च्या त्या श्रावणी सकाळी तुम्हाला सूर्य सापडला नव्हता, पण वरून असा झोत आला असता तर इरलंवाल्याला पत्ताही न लागता तो पोचला असता.

जत्रेतल्या एखाद्या मास्तरांना तुम्ही हे सांगायला गेलात तर ते ऐकून घेतील. कोयनेची वीज कोकणाने ऐकलेली आहे, थुंब्याहून अग्निबाण उडतात हेही त्यांनी वाचलंय. पण ते एकच विचारतील, “आणि ही वीज उतरणार कोणाच्या जमिनीत?”

मास्तर, थांबा. त्याच प्रश्नाकडे येतोय.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस नासा आणि अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने ग्लेझरच्या कल्पनेचा नकाशा काढला. एक उपग्रह, पाच हजार मेगावॅट. वरचं पटल दहा किलोमीटर लांब, पाच रुंद. झोत सोडणारी अँटेना एक किलोमीटर व्यासाची. आणि खालचं जाळं दहा किलोमीटर रुंद, तेरा लांब, लंबवर्तुळाकार. जाळं एवढं अवाढव्य का, याला कुणाची हाव कारण नाही. कुठलाही झोत अंतराबरोबर पसरतो. बारा सेंटिमीटरची लहर, एक किलोमीटरची अँटेना आणि ३६,००० किलोमीटरची वाट, एवढ्यांचा गुणाकार-भागाकार केला की खाली दहाएक किलोमीटरचा ठसा उमटतोच. वाटाघाटी करून तो आवळता येत नाही.

मालवणच्या अक्षांशावर एक सवलत मिळते. आपण विषुववृत्ताच्या जवळ, सोळा अंशांवर. उपग्रह आपल्याच रेखांशावर ठेवला तर तो दक्षिणेला क्षितिजापासून ७१ अंशांवर, म्हणजे जवळपास डोक्यावरच येतो. ठसा लांबुळका न होता वाटोळा राहतो. तरीही ऐंशी चौरस किलोमीटर.

आता उठा आणि सड्यावर चला. देवगडचा सडा, मालवणचा सडा, कुठलाही. जून लागेपर्यंत करपलेला काळा कातळ, मग पंधरा दिवसांत हिरवा गालिचा आणि त्यात इवलीशी जांभळी फुलं. मुंबईच्या नकाशावर याला पडीक जमीन म्हणतात. इथे गुरं चरतात, कडेला हापूसच्या कलमबागा आहेत, चिऱ्याच्या खाणी आहेत, आणि मालवण तालुक्यात कुडोपीला तर कातळात कोरलेली माणसं नि जनावरं हजारो वर्षं आडवी पडून आभाळाकडे बघतायत. देवगडच्या सड्यावर १९८० च्या दशकात पवनचक्क्या आल्या, तेव्हा सहल म्हणून बघायला गेलेली पिढी अजून आहे. मग साहेबाच्या ओट्यांच्या शेजारीच, गिर्ये गावाकडे बोट दाखवलं गेलं: चार हजार मेगावॅटचा कोळशावरचा महाप्रकल्प. आंबेवाल्यांनी आणि मच्छीमारांनी विरोध केला आणि तो प्रकल्प अडला. उत्तरेला रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूर, ९,९०० मेगावॅटचा म्हणून आखलेला अणुप्रकल्प. २०११ च्या एप्रिलमध्ये तिथल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक जण गेला.

म्हणजे वीज कुठून काढायची याची यादी बदलत गेली, वारा, कोळसा, अणू. उतरायची जागा मात्र सारखी याच किनाऱ्यावर शोधली गेली. आकाशातली वीज कागदावर फार स्वच्छ दिसते. धूर नाही, राख नाही, किरणोत्सारी कचरा नाही. पण सातबारा तिलाही लागतो. या विषयावरचं उत्साही लिखाण वाचताना मला नेहमी वाटतं की लिहिणाऱ्याने वरच्या ३६,००० किलोमीटरचा हिशेब चोख केलाय आणि खालच्या शेवटच्या चार मीटरचा सोडून दिलाय.

त्या चार मीटरसाठी तुम्हाला एक रात्र इथे काढावी लागेल. १६ मे २०२१, तौक्ते वादळ नुकतंच किनाऱ्याला घासून गेलंय. मालवणातल्या एका गल्लीत तुम्ही गुडघाभर फांद्यांतून चालताय. खांब वाकून रस्त्यावर पडलेत, तारा कुंपणांवर लोंबतायत, पत्रे उडालेत. शेजारची बाई मागच्या दारातून हाक मारते, “लायट इली काय गे?” पलीकडून कुणीतरी हसतं. आज येणार नाही, उद्याही नाही. आता कल्पना करा की त्या रात्रीही वर उपग्रह उन्हात न्हातोय, खाली सड्यावरच्या जाळ्यात वीज पडतेय. या गल्लीत तरीही काळोखच. शेवटचे चार खांब आभाळात रोवता येत नाहीत.

हे सगळं कधी होणार, असं तुम्ही विचाराल. मामला पुढे सरकतोय, पण बैलगाडीने. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनला विल्यम ब्राउन आणि सहकाऱ्यांनी दीड किलोमीटरवर तीस किलोवॅटहून जास्त वीज लहरींनी पाठवून दिव्यांची रांग पेटवली. जपानने २०१५ साली पंचावन्न मीटरवर प्रयोग केला. २०२३ साली कॅलटेकच्या छोट्या यानाने कक्षेतून सोडलेली लहर पासाडेनातल्या गच्चीवर ओळखू आली. ओळखू आली एवढंच, तिच्यावर चिमणीएवढा दिवाही लागला नसता. आपल्याकडे डॉ. अब्दुल कलामांनी २०१० साली अमेरिकेतल्या नॅशनल स्पेस सोसायटीबरोबर या कल्पनेचा पुरस्कार केला होता. आणि २०२४ च्या सुरुवातीला नासाच्याच एका अहवालाने हिशेब मांडला की ही वीज जमिनीवरच्या पर्यायांपेक्षा बारा ते ऐंशी पट महाग पडेल. हा हिशेब उड्डाणखर्चावर टेकलेला आहे, तो घसरला तर आकडाही घसरेल.

तरी एक फेरी पुढे मारून येऊ. साल विचारू नका, ते मलाही दिसत नाही. सप्टेंबरची २१ तारीख आहे, रात्रीचे बारा वाजत आलेत. पाऊस ओसरलाय, भात लोंबीवर आलंय, सड्यावर दव. तुमच्या डोक्यावर, तीनेक पुरुष उंचीवर, खांबांवर ताणलेलं जाळं आहे. हात वर करून बोटं फिरवा: बारीक तारांची वीण, रापणीच्या जाळ्यासारखी. ऊन-पाऊस बराचसा खाली येऊ देणारी, लहर तेवढी अडवणारी. म्हणून पायाखाली गवत आहे आणि गवतात बसलेल्या दोन म्हशी रवंथ करतायत. जाळ्याच्या वर, मधोमध, झोत सर्वांत दाट असतो तिथेसुद्धा दुपारच्या उन्हाच्या चौथाई जोराचा. जळत काही नाही. तरीही जाळ्यावर चढायला मनाई आहे, आणि पक्ष्यांना मनाईची पाटी वाचता येत नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दलचा वाद अजून मिटलेला नसावा असं मी धरून चालतो.

म्हशींची मालकीण कंदील घेऊन आलीय. वय सत्तरीच्या पुढचं. नऊवारी नाही, पण कंबरेला पदर खोचायची ढब तीच.

“काय ओ, खंयसून इलात?”

तुम्ही मोघम काहीतरी सांगता. ती कंदील वर उचलून जाळ्याकडे बघते.

“माझो घोव रापणीत होतो. ह्या जाळा बघून म्हणायचो, ह्येच्यात मासो गावणा नाय, मगे ओढूचा कित्याक?”

“जमीन तुमची?”

“होती,” ती म्हणते. मग थोडं थांबून, “भाड्यान दिलंय. गुरां चरूक देतत, ह्या कागदावर लिवन घेतलंय मी.”

तेवढ्यात कुठूनतरी भोंगा होतो. दूर मालवणचे दिवे पिवळट होतात, एकदा लुकलुकतात आणि अर्धे मालवतात. उरलेले बॅटरीवर धुगधुगतायत. समुद्रात सिंधुदुर्गाची काळी रेघ आधीपेक्षा ठळक दिसायला लागते आणि तिच्यावर तारे. तुम्ही दचकता. वादळ नाही, पाऊस नाही, बिघाडाचा आवाज नाही.

ती शांत आहे. दक्षिणेला, वर, ७१ अंशांवर बोट दाखवते. तिथे एक टपोरा ठिपका होता, तो लालसर होत होत आता दिसेनासा झालाय. वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरातल्या संपाताच्या आगेमागे, तो टांगलेला सूर्यखाऊ मध्यरात्रीच्या सुमाराला पृथ्वीच्याच सावलीत शिरतो. रोज थोडा वेळ, ऐन संपाताला सर्वांत जास्त, बहात्तर मिनिटांपर्यंत. अडवणारा चंद्र नाही, ढग नाही. आपणच, आपल्या पाठीने.

म्हातारी खाली बसते, कंदिलाची वात थोडी वर करते आणि कमरेची पिशवी सोडून पान लावायला घेते. तुमच्यासाठीही एक. चुन्याची डबी उघडता उघडता मान वर न करता सांगते,

“गिराण लागला आसा. बसा, घटकाभरान सुटतला.”